सायलेन्सरला कोणता रंग टिकेल?



आमचा वारंगा फाटा तुमच्यापैकी पुष्कळांनी एसटीच्या खिडकीतून पाहिला असेल. नांदेडकडून येणारा रस्ता इथे फुटतो. एक फाटा हदगाव, उमरखेड, यवतमाळवरून नागपूरला जातो आणि दुसरा कळमनुरी, हिंगोली, वाशीमवरून अकोल्याला. गाडी थांबली की मोठी माणसं उतरून खिचडी खातात, चहा घेतात आणि कंडक्टरनं घंटी मारली की धावत परत चढतात. आमच्या शाळेतल्या मुलांना मात्र हा फाटा म्हणजे रोजचं अंगण. नंबरप्लेट पाहून ट्रक कोणत्या राज्याचा ते तिसरीतलं पोरही सांगतं.

म्हणून मी वर्गाला एक काम दिलं होतं. ट्रकचा कोणता भाग सगळ्यात जास्त गंजलेला असतो ते पाहून या. अट एकच: ढाब्याच्या ओट्यावर बसून पाहायचं, गाडीखाली वाकायचं नाही आणि रस्ता ओलांडायचा नाही.

उत्तर जवळपास सगळ्यांनी सारखंच आणलं. ट्रकच्या केबिनवर मोर, कमळ, लिंबू-मिरची, काय काय रंगवलेलं असतं. पण इंजिनापासून निघणारा धुराचा पाइप आणि त्याला जोडलेला तो गोल डबा, म्हणजे सायलेन्सर, तो विटेसारखा लाल किंवा करड्या पापुद्र्यांचा. गाडी धुणारा पोऱ्यासुद्धा त्याच्याकडे लक्ष देत नाही.

"मग त्याला रंग का देत नाहीत?" असं मी विचारलं. त्यावर सातवीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, आमचा दादा देणार आहे. पावडर कोटिंग. मायच्या ओव्हनमधी."

वर्ग हसला. तो मुलगा काही हसला नाही. त्याच्या दादानं आयटीआयला फिटरचं शिक्षण घेतलं आहे. मोबाइलवर त्यानं पाहिलं होतं, की परदेशात कुणी घरच्या ओव्हनमध्ये गाडीचे भाग भाजून चकचकीत काळे करतो. चार ट्रकवाल्यांनी त्याला शब्द दिला होता. चालला तर चांगला धंदा होता, कारण फाट्यावर पंक्चरवाले पाच आणि वेल्डर चार, पण हे काम करणारा एकही नाही. आणि आईचा ओव्हन? तो तिनं बचत गटाच्या कर्जातून घेतलेला. त्यात ती नानकटाई आणि बिस्किटं भाजते आणि आजूबाजूच्या गावांत विकते. घरात रोज त्यावरून बोलणं चालू होतं.

तर आजचा विषय हाच. हे पावडर कोटिंग असतं तरी काय, आणि ट्रकच्या सायलेन्सरला ते चालेल का?

आधी एक प्रयोग करू. प्लास्टिकची पट्टी घ्या, कोरड्या केसांवर वीस-पंचवीस वेळा घासा आणि कागदाच्या कपट्यांवर धरा. कपटे उडून चिकटतात. हे तुमच्या पुस्तकातही आहे. आता कपट्यांऐवजी चिमूटभर कोरडी, बारीक हळद घ्या. आपल्या हिंगोली-वसमतकडच्या घरात हळदीला काय तोटा! पट्टी दोन बोटं उंचीवर धरली की पिवळे कण वर उडतात आणि पट्टीला धरून बसतात. फुंकर मारली तर काही पडतात, काही चिकटूनच राहतात. पावसाळ्यात हा प्रयोग फसतो बरं का. दमट हवेत पट्टीवरचा विजेचा भार टिकत नाही.

पावडर कोटिंगचं पहिलं निम्मं काम हेच आहे. रंगाची पावडर एका बंदुकीसारख्या यंत्रातून हवेच्या झोतानं बाहेर येते. यंत्राच्या टोकाशी साधारण साठ हजार ते एक लाख व्होल्टचा दाब असतो. तुमच्या घरच्या बोर्डात २३० व्होल्ट असतात आणि ट्रकच्या बॅटऱ्यांचे मिळून २४. पण या यंत्रातून वाहणारा प्रवाह अगदी नाममात्र असतो. कणांना भार मिळतो, इतकंच. ज्या लोखंडी वस्तूला रंग द्यायचा ती आकड्याला टांगून तिला अर्थिंग केलेलं असतं. भारलेली पावडर तिच्याकडे धावते आणि अंगभर बसते. समोरून मारली तरी कडेनं वळून पाठीमागेही थोडी जाते.

मात्र खोल कोपऱ्यात आणि नळीच्या आत ती जायला तयार नसते. आजूबाजूचं लोखंड तिला वाटेतच ओढून घेतं. भारलेल्या धातूच्या पोकळीत आत विजेचा जोर पोचत नाही, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३६ मध्ये एक मोठा पिंजरा बांधून आणि स्वतः त्याच्या आत बसून दाखवलं होतं. फॅरेडे लोहाराचा मुलगा, आणि लहानपणी पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी करत होता. बांधायला आलेली पुस्तकं वाचूनच तो विज्ञान शिकला. कोटिंगवाले कारागीर आजही अशा कोपऱ्यांच्या अडचणीला त्याचंच नाव देतात.

आता उरलेलं निम्मं काम. पावडर बसलेली वस्तू अजून कच्चीच असते, बोट लागलं तरी ठसा उमटतो. ती भट्टीत ठेवतात. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला दहा ते वीस मिनिटं. वस्तू स्वतः तेवढी तापली पाहिजे, नुसती भट्टीतली हवा तापून भागत नाही. जाड लोखंडाला जास्त वेळ लागतो. पावडर वितळते, पसरते आणि तिच्यातले रेणू एकमेकांत गुंतून जाळं तयार होतं. मग पुन्हा तापवली तरी ती वितळत नाही. भाकरी भाजली की तिचं परत पीठ होत नाही ना, तसंच! हा थर असतो साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा, म्हणजे तुमच्या डोक्याच्या केसाएवढा जाड.

ही कल्पना जर्मनीत १९५० च्या दशकात अर्विन गेमर यांनी कामाला आणली. ते तापलेली वस्तू हवेनं तरंगत ठेवलेल्या पावडरीत बुडवत. विजेच्या भाराची बंदूक त्यानंतर, १९६० च्या दशकात आली. आज तुमच्या वर्गातल्या बेंचचे लोखंडी पाय, खिडकीची अ‍ॅल्युमिनियमची चौकट, कूलरचा पत्रा, यांतलं काही ना काही पावडर कोटिंगचं असतंच. थिनर लागत नाही, वास कमी, खाली सांडलेली पावडर गोळा करून परत वापरता येते. काम खरोखर चांगलं आहे. दादाला ते आवडलं यात नवल नाही.

आपल्याकडे याचा एक जुना भाऊ आहे, कल्हई. आजीला विचारा. कल्हईवाला तांब्या-पितळेचं भांडं आधी घासून लख्ख करायचा, निखाऱ्यावर तापवायचा, नवसागर टाकायचा आणि कथील फिरवून फडक्यानं चोळायचा. स्वच्छ करणं, तापवणं आणि पातळ थर देणं हे तिथेही होतं. आणि आजी हेही सांगेल, की कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर ठेवू नये, कल्हई उतरते. कथील २३२ अंशालाच वितळतं.

आता ट्रककडे येऊ. भरलेला ट्रक चढावर जोर लावतो तेव्हा इंजिनातून निघणारा धूर ५०० अंशांच्याही वर तापतो. इंजिनाला लागून असलेला ओतीव लोखंडाचा भाग, ज्याला गॅरेजवाले मॅनिफोल्ड म्हणतात, तो सगळ्यात जास्त भाजतो. पुढे पाइप, मग सायलेन्सर, मग शेपटी, अशी उष्णता कमी होत जाते. कथील २३२ ला पाणी होतं, शिसं ३२७ ला. मग दोनशे अंशाला भाजून पक्की झालेली साधी पावडर त्या मॅनिफोल्डवर काय करेल, सांगा पाहू!

मी शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी गेले, घर वाटेवरच आहे. आई म्हणाली, "मॅडम, तुमीच सांगा याला. ओव्हनचे हप्ते अजून चालू हायेत." दादा म्हणाला, "पुड्यावर कुठं विषारी लिहिलंय का?" त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, भाजून पक्की झालेली पावडर निरुपद्रवी असते. पण भाजताना निघणारी वाफ ओव्हनच्या भिंतींवर बसते. शिवाय जुन्या पाइपमध्ये काजळी आणि तेल साचलेलं असतं, ते आत धुमसतं. कोटिंगसाठी एकदा वापरलेल्या ओव्हनमध्ये पुन्हा खाण्याचं काही भाजायचं नाही, हा या कामातला साधा आणि कडक नियम आहे. धुऊन पुसून घेतला तरी चालत नाही. म्हणजे दादाचे चार पाइप भाजले जाणार आणि आईची नानकटाई कायमची बंद होणार. आणि ट्रकचा सायलेन्सर त्या ओव्हनच्या दारातून आत तरी गेला असता का? दादानं माप घेतलंच नव्हतं. धाकट्यानं टेप आणली, मोजलं, आणि आईला पहिल्यांदा हसू आलं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कोणतीही बारीक, जळणारी पावडर हवेत दाट पसरली आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. १८७८ मध्ये अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात एक भली मोठी पिठाची गिरणी अशीच उडाली आणि १८ कामगार दगावले. नुसतं गव्हाचं पीठ, बरं का! कारखान्यात पावडर उडवण्यासाठी वेगळी बंदिस्त जागा असते, उडालेली पावडर ओढून घेणारा पंखा असतो, अर्थिंग तपासलेलं असतं. घराच्या पडवीत, शेजारी गॅसची शेगडी असताना हे करणं म्हणजे आगीशी खेळ.

दादा ऐकून घेणारा होता, पण नुसत्या बोलण्यानं त्याचं समाधान झालं नाही. ते मला आवडलं. मग आम्ही असं ठरवलं. तो नांदेडला गेला आणि एका कोटिंगवाल्याकडून लोखंडाची एक पट्टी साध्या काळ्या पावडरीची करून आणली. तेवढ्याच दुसऱ्या पट्टीला त्यानं स्वतः उष्णतारोधक चंदेरी रंग ब्रशनं दिला. ओळखीच्या एका ट्रकवाल्या काकांनी दोन्ही पट्ट्या, इंजिन थंड असताना, सायलेन्सरच्या अलीकडच्या पाइपला तारेनं घट्ट बांधून घेतल्या आणि नागपूरची खेप करून आले.

धाकट्यानं वहीत लिहिलेली नोंद मी तुमच्यासाठी इथे देते. पावडरीची पट्टी: चमक गेली, रंग तपकिरी, पाइपला टेकलेल्या बाजूला राखेसारखं, नखानं निघतं. चंदेरी पट्टी: रंग आहे, काजळी बसली आहे, एका टोकाला पापुद्रा सुटला. ते टोक का सुटलं? दादानं तिथला गंज नीट काढला नव्हता. त्यानं ते लगेच ओळखलं. रंग लोखंडाला धरून बसतो, गंजाला धरून बसला तर गंजाबरोबरच गळून पडतो.

चंदेरी रंगात असं काय असतं की तो तगतो? त्यात अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी असते आणि तिला धरून ठेवणारा पदार्थ सिलिकोन जातीचा असतो. वाळू आणि काच ज्या सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या जोडीनं बनतात, तीच जोडी या सिलिकोनच्या कण्यात असते, म्हणून ते सहजासहजी जळत नाही. अशाच जातीची पावडरसुद्धा मिळते आणि ती ५०० अंशांच्या आसपास टिकते. म्हणजे सायलेन्सरला पावडर कोटिंग होतच नाही असं नाही. पण पावडर त्या जातीची हवी आणि भट्टीही तिच्या मापाची हवी. या पावडरीत रंगही मोजकेच मिळतात, काळा, करडा, चंदेरी. गुलाबी किंवा पोपटी मागाल तर दुकानदार मान हलवेल. तसले बरेच रंग ज्या पदार्थांपासून बनतात ते त्या उष्णतेत जळून जातात. वीट मात्र भट्टीतून निघाली तरी लालच असते, कारण तिचा लाल रंग लोखंडाच्या भस्माचा आहे.

आणखी एक गंमत. एक मीटर लांबीचा लोखंडी पाइप ५०० अंशांनी तापला तर साधारण सहा मिलिमीटरनं लांब होतो. थंड झाला की परत तेवढाच आखडतो. दर खेपेला हे चालतं. वर पावसाळ्यात तापलेल्या सायलेन्सरवर डबक्यातलं पाणी उडतं ते वेगळंच. अंगावरच्या रंगालाही हा ताण सोसावा लागतो. म्हणून उष्णतारोधक रंगाचे हात पातळ देतात. दादाला वाटत होतं की चार हात दिले तर चौपट टिकेल. उलट जाड थर आधी तडकतो.

इथे पालकांसाठी थोडं लिहिते, मुलांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारली तरी चालेल. गंज काढायला काही ठिकाणी वाळूचा मारा करतात. ती बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर वापरतानाही डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर चांगला मास्क हवा, नुसता रुमाल पुरत नाही. पेट्रोलनं पुसलेला भाग तापवायचा नाही. उष्णतारोधक रंग पहिल्यांदा तापताना धूर सोडतो, म्हणून रंग दिल्यावर इंजिन मोकळ्या मैदानात सुरू करावं. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग. आणि १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ ट्रकांच्या धुराच्या डब्यात काजळी गाळणारी जाळी, युरियाचं द्रावण फवारणारी तोटी आणि उष्णता मोजणारे सेन्सर असतात. जाळीतली काजळी जाळून टाकताना आतली उष्णता ६०० अंशांच्या आसपास जाते. अशा डब्याला गल्लीतल्या कुणी रंग फासू नये, एखादा सेन्सर बुजला तर गाडी जागेवर बसते आणि खर्च मोठा येतो. हे काम मोठ्या माणसांचं आणि शिकलेल्या माणसांचं आहे. मुलांनी पाहावं, विचारावं, लिहून ठेवावं.

दादानं चौघांपैकी दोघा ट्रकवाल्यांना सरळ सांगितलं की तुमच्या गाड्या नव्या आहेत, मी हात लावणार नाही. उरलेल्या दोन जुन्या गाड्यांचे पाइप त्यानं सोडवून, घासून, दोन पातळ हात देऊन चंदेरी करून दिले. पैसे ठरले होते त्यापेक्षा कमी मिळाले. आता तो आठवड्यातले चार दिवस नांदेडला त्याच कोटिंगवाल्याकडे कामाला जातो. पावडर मारायला अजून देत नाहीत, सध्या तो टाक्यांवर आहे. टाक्यांवर म्हणजे, वस्तू आधी तेल काढायच्या टाकीत, मग पाण्यात, मग गंज काढायच्या टाकीत, पुन्हा पाण्यात, मग पावडर घट्ट धरावी म्हणून फॉस्फेटच्या टाकीत, अशा बुडवून काढाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, असं तो म्हणतो. सगळं कोटिंग त्याच कामावर उभं असतं, असं मालक म्हणतो. मला मालकाचं पटतं, पण दादाचा कंटाळाही समजतो. सुट्टीच्या दिवशी तो ढाब्याच्या खुर्च्या आणि सायकलींचे सांगाडे गोळा करून नांदेडला नेतो. साध्या पावडरीचं खरं काम तेच. आईचा ओव्हन चालू आहे, दिवाळीत तर रात्रीचाही.

हे सगळं मी वर्गात सांगितलं तेव्हा धाकट्यानं असा प्रश्न विचारला की मला थांबावं लागलं. "मॅडम, दादा बाहेरून रंग देतो. पण सायलेन्सर आतून सडतो ना? काका म्हणत होते."

काकांचं बरोबर आहे. डिझेलमध्ये कार्बन आणि हायड्रोजन असतात. जळताना हायड्रोजनला हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि पाणी तयार होतं. हिशेब केला तर एक लिटर डिझेल जळल्यावर जवळजवळ एक लिटर पाणी बनतं! ते वाफ होऊन धुराबरोबर निघून जातं, म्हणून आपल्याला दिसत नाही. पण इंजिन नुकतंच सुरू झालेलं असेल तर सायलेन्सर थंड असतो, वाफ आतच थिजते आणि पाणी साचतं. त्यात धुरातले आम्ल वायू विरघळतात. लांबच्या खेपेचा ट्रक तापतो आणि आतून कोरडा होतो. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या जीपचा सायलेन्सर कधी नीट तापतच नाही, म्हणून तो लवकर भोकं पडून फुटफुट करायला लागतो. आत ब्रश पोचत नाही आणि फॅरेडेच्या पिंजऱ्यामुळे पावडरही पोचत नाही. म्हणून कंपन्या सायलेन्सरसाठी वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला पत्रा किंवा स्टेनलेस स्टील वापरतात. थर दोन्हीकडून, आणि पत्रा वळवायच्या आधीच.

थंडीच्या दिवसांत सकाळी घरातलं कुणी मोटारसायकल किंवा जीप अंगणात सुरू करेल तेव्हा सायलेन्सरच्या तोंडाकडे बघा. थेंब पडतात का? किती मिनिटांनी पडायचे थांबतात? पाच दिवस सकाळची वेळ, थंडी कितपत होती आणि थेंब थांबायला लागलेली मिनिटं, असे तीन रकाने करून लिहा आणि मला पाठवा. मोजताना गाडीच्या बाजूला चार पावलं दूर उभं राहायचं, मागे नाही. आणि सायलेन्सरला हात लावायचा नाही, तो काळा असो, चंदेरी असो की गंजका.